अण्णांचं कपाळ, बाळकाकाची मतं

ते साल १९६३, विधानसभेच्या पोटनिवडणुकीचं. आमच्या घरात अजूनही एखादी गोष्ट कधीची हे आठवेना झालं, की "पोटनिवडणुकीच्या आधीची की नंतरची?" असंच विचारतात.

पोटनिवडणूक म्हणजे अवेळी आलेला पाहुणा. सगळ्या राज्यात एकदम निवडणूक असली, की ज्याला त्याला आपापल्या गावची घाई. पण एकाच मतदारसंघात ती लागली, की उरलेल्या राज्याला दुसरं काम नसतं. कधी न दिसणारे मंत्री आमच्या बाजारात केळ्यांचा भाव विचारू लागले.

ती लागली कारण आमच्या जुन्या आमदाराला मुदत संपायच्या आधीच कुठल्याशा मंडळाचं अध्यक्षपद मिळालं आणि तो राजीनामा देऊन मोकळा झाला. नदीवर पूल बांधतो, या एका वाक्यावर तो तीनदा निवडून आला होता आणि नदीत अजून होडीच चालत होती. मतदारसंघ निम्मा अलीकडे, म्हणजे आमचं गाव, आणि निम्मा पलीकडे, म्हणजे सगळी खेडी. पलीकडच्यांना दवाखाना, कचेरी, मोठी शाळा, सगळ्यासाठी होडीत बसून अलीकडे यावं लागे.

त्या जागेसाठी एक उभे राहिले तेलगिरणीवाले शेठ. निशाणी छत्री. आणि दुसरे उभे राहिले आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. निशाणी शिडी.

अण्णा हायस्कूलचे हेडमास्तर. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "पुलासाठी आता तुम्हीच उभं राहायला हवं," आणि आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर उभं करणारा माणूस स्वतः उभा राहिला. शाळेच्या मंडळाचा नियम होता, निवडणूक लढवायची तर आधी नोकरी सोडा. अण्णांनी सोडली. त्याच आठवड्यात उपमुख्याध्यापक त्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि पडदे बदलले. परतीची वाट बंद झाली ती अशी.

"निवडून आलात तर ठीक," आई म्हणाली. "पडलात तर?"

"पडलो तर बघू."

"कोण बघेल? मीच ना?"

 बिनउत्तराचे प्रश्न अण्णा पुढच्या तासाला ढकलत.

प्रचाराची सूत्रं मामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, स्वतःहून हातात घेतली. मामा विम्याची कामं करायचा. माणूस मरणार आहे हे हसत हसत पटवून देण्याची कला त्याच्याकडे होती, त्यामुळे मतं मागणं त्याला फारच सोपं वाटलं. "दाजी, मला आधी एक फोटो द्या. झकास. बाकी माझ्यावर सोडा," तो म्हणाला.

फोटोसाठी बाहेर जायची गरजच नव्हती. आमच्या घराच्या माडीवर आजोबांनी काढलेला स्टुडिओ होता आणि तो अण्णांची दोन भावंडं चालवत होती. बाळकाका फोटो काढायचा, आत्या तो सुधारायची.

बाळकाका अण्णांहून चौदा वर्षांनी लहान. चाळिशीला टेकला तरी बाळच. लग्न नाही, घड्याळ नाही, कशाची फिकीर नाही. खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं टाकून तो होडीने पलीकडे जायचा आणि लग्नं, बारशी, शाळांचे गट, जो बोलावेल त्याचे फोटो काढायचा. रडकं मूलही त्याच्यासमोर हसे. अण्णा एकदाही हसल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

"अण्णा, जरा हसा," काळ्या कापडात डोकं घालून बाळकाका म्हणाला.

"कशाला?"

"मत मागायचंय लोकांकडे."

"मत मागताना हसणाऱ्या माणसाला मी स्वतः मत देणार नाही."

"बरं, निदान कपाळ तरी सैल सोडा."

"ते सैलच आहे."

काळ्या कापडाच्या आत बाळकाका किती वेळ हलत होता. मी शेजारी दिवा धरून उभी होते. मलाही हसू आवरेना, आणि अण्णांनी मला डोळ्यांनीच बाकावर उभं केलं.

मग ती निगेटिव्ह आत्याकडे गेली. आत्या अण्णांच्या पाठची. उत्तरेच्या खिडकीशी तिचं तिरकं मेज असे. मधे दुधी काच, खाली आरसा, आरशातला उजेड काचेतून वर. त्यावर निगेटिव्ह ठेवून ती सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावर इतके बारीक ठिपके देई, की छापल्यावर माणसाच्या देवीच्या खुणा, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं गेलेलं असे. गावात म्हणच होती, "नवरी जशी असेल तशी असू दे, फोटो आत्याबाईंकडे काढा." एका चेहऱ्याला तिला तास पुरे. अण्णांच्या चेह‍ऱ्याला ती सकाळी बसली ती उजेड सरेपर्यंत उठली नाही. मी दोनदा चहा नेला, दोनदा गार झालेला परत आणला.

छापखान्यातून पोस्टरचे गठ्ठे आले. घरातल्या सगळ्यांनी पोस्टर पाहिलं. आई म्हणाली, "बरं आलंय." अण्णा म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." मामा म्हणाला, "झकास!" कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. येणार कसं? आमच्या घरात प्रत्येक भिंतीवर आत्याच्या हाताखालून गेलेले चेहरे. खरा माणूस जेवायला समोर बसलेला आणि भिंतीवरचा गुळगुळीत, दोन्ही एकच, अशी आमच्या डोळ्यांना लहानपणापासूनची सवय. दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक पहिल्या मिनिटाला पकडली गेली असती.

ती पकडली गेली पलीकडच्या धक्क्यावर, मामाच्या डोळ्यांदेखत.

धक्क्याच्या भिंतीवर पोस्टर चिकटवून तो हात पुसत होता. भोवती माणसं जमली. एक म्हातारा जवळ जाऊन बघू लागला आणि ओरडला, "अरे, हे तर आपले फोटोवाले!"

"खरंच की! फोटोवाले उभे राहिलेत!"

आडनाव एकच, ते मोठ्या अक्षरात. अण्णांचं नाव बारीक. आणि वर चेहरा हुबेहूब बाळकाकाचा. मामाने वळून पाहिलं. दुरुस्त करायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात एक जण म्हणाला, "यांना नाही द्यायचं तर कुणाला मत द्यायचं? माझ्या लग्नात पाऊस आला, तर या माणसाने स्वतःचा कोट काढून माझ्या बायकोच्या डोक्यावर धरला. कॅमेरा भिजला, स्वतः भिजला. शेठची छत्री आमच्यावर कधी उघडली का?"

हशा झाला. मामाने तोंड मिटलं. पुढे तो नेहमी सांगायचा, "राजकारणात तोंड उघडायला काही लागत नाही. मिटायला अक्कल लागते."

संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन उंबऱ्यावरच बसला. अण्णा गिरणी कामगारांच्या वस्तीत सभेला गेले होते.

"ताई, आपण जिंकलो."

"मतदान व्हायचंय अजून."

"पलीकडची सगळी गावं आपली. फक्त एक बारीकशी अडचण आहे." त्याने बाळकाकाकडे बोट दाखवलं. "त्यांना वाटतंय, हा उभा आहे."

बाळकाकाच्या हातातला घास हातातच राहिला. मग आईने कोपऱ्यातलं पोस्टर उलगडलं, त्याच्या चेहऱ्याशेजारी धरलं, आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा ते नीट पाहिलं.

"अगं बाई!" आई म्हणाली. "वन्सं, हे काय केलंत?"

"काय केलं?" आत्याने मान वर केली नाही. "जे सगळ्यांचं करते तेच केलं. आजवर कुणी तक्रार नाही केली."

"अहो, पण हे भावोजी झालेत!"

"भावाभावांत साम्य असतं, वहिनी."

"अक्का, मला विचारून तरी माझा चेहरा द्यायचा होतास," बाळकाका म्हणाला आणि स्वतःच खो खो हसत सुटला. "माझं भाडं काढा आता चेहऱ्याचं!"

"हसू नकोस, कामाचं ऐक," मामा पुढे सरकला. "उद्यापासून तू रोज पलीकडे जायचं. बोलायचं काही नाही. नुसतं फिरायचं, हसायचं. दाजींनी अलीकडेच सभा घ्यायच्या. खोटं कुणी काही बोलायचंच नाही. लोकांना जे वाटतंय ते वाटू द्यायचं, झालं!"

"हे अण्णांना चालणार नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर त्यांना सांगायचं नाही."

सगळे आईकडे बघू लागले. मला वाटलं, आई मामाला फैलावर घेईल. पण आई बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिली. शाळेच्या खोलीतले ते नवे पडदे तिने स्वतः पाहिले होते. पोस्टर गुंडाळून तिने कपाटावर टाकलं आणि म्हणाली, "जेवा आता. अन्न गार होतंय."

म्हणजे आई मामाच्या बाजूची झाली. आत्या रुसून कुणाच्याच बाजूची नव्हती. आणि बाळकाका? तो आरशासमोर उभा राहून भांग पाडत होता.

पुढचे काही दिवस त्याने राजासारखे काढले. हे सगळं त्याने मला नंतर इतक्यांदा सांगितलं, की मीच त्या होडीत होते असं वाटतं. होडीवाला पैसे घेईना. चहावाला घेईना. लहानपणापासून ज्याची ओळख "हेडमास्तरांचा भाऊ, तो रिकामटेकडा" अशी, त्याला माणसं हात जोडत होती. कुणी म्हणे, पूल होईल ना? हा म्हणे, होईल की! कुणी म्हणे, शाळा? हा म्हणे, तीही होईल! कसं होणार हे त्याला कुणी विचारलं नाही, त्याने स्वतःला विचारलं नाही.

मग एका दुपारी परतीच्या होडीत पलीकडच्या खेड्यांत फिरणारी नर्सबाई त्याच्यासमोर येऊन बसली. तिने नमस्कारही केला नाही. म्हणाली, "मागच्या पावसाळ्यात अडलेली एक बाई घेऊन मी या धक्क्यावर बसले होते. पाणी चढलेलं, होडी सुटेना. मूल गेलं. बाई कशीबशी वाचली. मी आजवर कुणाला मत दिलेलं नाही. यंदा तुम्हाला देणार आहे. तुम्ही पूल बांधाल ना?"

बाळकाकाच्या ओठावर "होईल की" आलं आणि तिथेच अडकलं. अण्णा रात्र रात्र पुलाचे नकाशे, पाण्याची पातळी, खर्चाचे अंदाज वाचत बसायचे, ते त्याला आठवलं. याला पुलाचं एवढंच ठाऊक, की त्यावर उभं राहून फोटो चांगला येईल.

"बाई, बांधणारा माणूस वेगळा आहे," तो म्हणाला. पण इतक्या हळू, की वल्ह्यांच्या आवाजात तिला ऐकूच आलं नाही. आणि दुसऱ्यांदा म्हणायचा त्याला धीर झाला नाही. घरी येऊन तो न जेवता माडीवर जाऊन पडला. आईला वाटलं, ऊन लागलं.

त्याच दिवशी अण्णाही, मामाचा डोळा चुकवून, वरच्या अंगाच्या दुसऱ्या होडीने पलीकडे गेले होते. एका दुकानाच्या पायरीवर ते टेकले. दुकानदाराने पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही फोटोवाल्यांचे प्रचारक का? वयाच्या मानाने फार पायपीट करता बुवा. त्यांना सांगा, आमची सगळी मतं त्यांनाच."

अण्णांनी दुकानावरचं पोस्टर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दुकानदाराचे आभार मानले आणि परत आले.

घरात शिरताच त्यांनी मला म्हटलं, "कपाटावरचं पोस्टर आण. आणि आरसा." दोन्ही समोर ठेवून ते पाटीवरचं गणित तपासावं तसे तपासू लागले. मामा नेमका तेव्हाच आला होता. पायात चपला सरकवू लागला.

"बसा," अण्णा म्हणाले. मामा बसला. "कुणाकुणाला ठाऊक होतं?"



"मला," आई म्हणाली.

"आणि मला," माडीच्या जिन्यावरून बाळकाका म्हणाला.

"आणि हे केलं कुणी?"

"मी," आत्या म्हणाली. एरवी तिचं त्यांच्याशी बोलणं पाच शब्दांच्या वर जात नसे. त्या दिवशी ती कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन उभी राहिली. "मी पुसायला बसले अण्णा, आणि थांबताच येईना. बाबा गेले तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुझा चेहरा असाच होता. हा पोरगा तेव्हा पाच वर्षांचा, मी सोळाची. दुसऱ्या दिवशी तू शिकवण्या धरल्यास आणि तेव्हापासून हे कपाळ. एकेक रेघ पुसली आणि खालून तू निघालास. मला तो चेहरा पाहून फार वर्षं झाली होती. मला तो ठेवावासा वाटला."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"फोटो चांगला आहे," ते म्हणाले. "पण माझा नाही. शुक्रवारी पलीकडच्या बाजारात शेवटची सभा आहे ना? तिथे मी सांगणार."

"दाजी, मतं जातील!" मामा उभाच राहिला. "हातातली मतं आहेत! नोकरी गेलीये तुमची! पडलात तर उद्यापासून करणार काय? ताई, तू तरी सांग यांना!"

"जाऊ देत मतं," आई म्हणाली.

"अगं, परवा तर तू..."

"परवा परवा होता. लग्न झाल्यापासून मी या कपाळाशी संसार केलाय. ते झाकल्यावरच मत मिळणार असेल, तर मला नको ते मत. आणि पडले तर बघेन मी. नाही तरी मीच बघणार होते."

मामाने बाळकाकाकडे पाहिलं. शेवटचा मोहरा.

"मी अण्णांबरोबर जाणार आहे," बाळकाका म्हणाला. "कॅमेरा न घेता."

शुक्रवारी बाजाराचं पटांगण भरलं होतं. आम्ही घरची सगळी मंडळी होडीने गेलो. आत्यासुद्धा, आणि आत्या घराबाहेर पडली हीच मुळात बातमी होती. व्यासपीठ म्हणजे दोन बैलगाड्या शेजारी लावून वर फळ्या टाकलेल्या. बाळकाका चढताच टाळ्यांचा कडकडाट. त्याच्या मागून अण्णा चढले, तर कुणीतरी त्यांना हात देत म्हणालं, "सांभाळून, आजोबा."

अण्णांना भाषण येत नव्हतं. त्यांना तास घेता यायचा. त्यांनी तोच घेतला. पोस्टर उंच धरलं.

"हे कोण?"

"फोटोवाले!" सगळं पटांगण ओरडलं.

बाळकाकाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे?"

"फोटोवाले!"

मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि मी?"

 लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढे बसलेली एक म्हातारी, वर्गात एकीलाच उत्तर यावं अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांचे वडील!"

 आणि मग अण्णा हसले. तोंड उघडून, खांदे हलवत, चष्मा घसरेपर्यंत हसले. आईने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. पटांगणाला काय झालं ते कळलं नाही, पण हसणाऱ्या माणसासोबत हसायला कारण लागत नाही; सगळं पटांगण हसू लागलं.

"आजी, तुमचं उत्तर चूक आहे," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "पण फार चूक नाही. मी यांचा थोरला भाऊ. उमेदवार मी आहे. या फोटोतही मीच आहे, फक्त माझ्या बहिणीने माझं वय काढून घेतलं. तुम्ही फसलात, कारण आम्ही तुम्हाला नीट दाखवलं नाही. आता नीट पाहा. हा चेहरा नको असेल तर मत देऊ नका."

ते खाली बसले. गर्दीत कुजबुज सुरू झाली. मागच्या बाजूने काही जण उठून जाऊही लागले. मामाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाळकाका पुढे आला. त्याचं बोलायचं ठरलं नव्हतं.

"थांबा जरा! मी एवढे फोटो काढले तुमचे, कधी कुणाला मधेच उठू दिलं का? बसा!" माणसं सवयीने बसली. "यांच्या कपाळावरच्या रेघा बघितल्यात? ती वरची, मोठी, ती माझ्या परीक्षेच्या निकालाची. तीनदा बसलो होतो. तिच्याखालची, मी बाबांचा कॅमेरा नदीत पाडला तेव्हाची. आणखी आहेत, सगळ्या सांगत नाही, बायामाणसं बसलीत." हशा. "माझा चेहरा तुम्हाला आवडतो ना? तो असा राहिला, कारण माझ्या वाटणीच्या रेघा यांनी स्वतःवर काढून घेतल्या. पूल कसा होईल ते मला विचाराल तर मी 'होईल की' म्हणेन. यांना विचारा. खांब किती, खोदाई किती, पाणी कुठवर चढतं, ते सगळं सांगतील, तुम्हाला झोप येईपर्यंत सांगतील. हसणारा माणूस पाहिजे तर मी आहेच, कुठे जात नाही. पण काम यांना सांगा."

गर्दीच्या कडेला नर्सबाई उभी होती. ती म्हणाली, "हेडमास्तर, खांब किती?"

अण्णा उठले आणि त्यांनी खरंच सांगितलं. सूर्य मावळेपर्यंत सांगितलं. बरेच लोक गेले, पण बरेच थांबले.

परतताना होडीत मामा बोटांवर मतं मोजत होता. आत्या मात्र अण्णांसमोर बसली होती आणि डोळे बारीक करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"काय बघतेस?" अण्णा म्हणाले.

"हसल्यावर गालाला रेघ पडते तुझ्या. ही मला माहीतच नव्हती."

अण्णा निवडून आले. फार नाही, थोडक्यात. अलीकडे गावात शेठची छत्री पुढे गेली, पलीकडच्या खेड्यांनी शिडी वर काढली. लोक म्हणाले, फोटोवाल्यांचा भाऊ आहे, ऐकेल तरी. हायस्कूलच्या पोर्चमध्ये निकाल ऐकताना उपमुख्याध्यापकांनी अण्णांना वाकून नमस्कार केला आणि लगबगीने आत गेले. बहुधा पडदे बघायला.

उरलेल्या मुदतीत अण्णांनी सभागृहात पुलावर इतके प्रश्न विचारले, की बांधकाम मंत्री त्यांना पाहून जिना बदलत. लोक मात्र गाऱ्हाणी घेऊन यायचे ते स्टुडिओत, बाळकाकाकडे. तो त्यांना स्टुलावर बसवून आधी हसवायचा, मग ऐकून घ्यायचा आणि रात्री सगळं अण्णांना सांगायचा. एका आमदाराचं काम दोघा भावांनी मिळून केलं. पूल मंजूर झाला. तो पुरा होण्याआधी पुढची निवडणूक आली, अण्णा सपाटून पडले आणि उद्घाटन शेठनी केलं. नर्सबाईने मात्र त्या दिवशी सगळ्यांच्या आधी, फीत कापायच्याही आधी, एका पोटुशा बाईला घेऊन पूल ओलांडला. पोलिसांनी अडवलं, तिने ऐकलं नाही.

त्या निवडणुकीत मामा शेठच्या प्रचाराला होता. त्याला त्यात वावगं वाटलं नाही. आईने त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरला. माझ्या लग्नात तो पडेल ते काम करत राबला तेव्हा सोडला. पुढे त्याला हृदयविकार झाला आणि त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे विमे उतरवले, स्वतःचा उतरवलाच नाही, हे तेव्हा उघड झालं.

बाळकाकाला पक्षांनी तीनदा तिकीट देऊ केलं. तो प्रत्येक वेळी म्हणाला, "माझा चेहरा एकदा उभा राहिलाय, आता बसू द्या." लग्न त्याने केलं नाही. त्याच्या अंत्ययात्रेला पलीकडून इतकी माणसं आली, की पुलावरची वाहनं थांबवावी लागली.

आत्या पुढे वीस वर्षं मेजाशी बसली. रंगीत फोटो आले तेव्हा तिने पेन्सिली आवरल्या. कुरकुर केली नाही. डोळे गेल्यावर माणसं जवळ बोलावून ती बोटांनी त्यांचे चेहरे चाचपायची.

आई सगळ्यांत जास्त जगली. शेवटी शेवटी तिला कोण कोणत्या बाजूला होतं हे आठवेना. म्हणायची, "मी सगळ्यांच्याच बाजूने होते बाई, पाळीपाळीने."

आणि अण्णा. हायस्कूलने त्यांना परत घेतलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. वर्षभर ते घरी होते आणि आईने खरंच सगळं बघितलं. मग पलीकडच्या गावाने एका जुन्या गोदामात शाळा काढली. तिचा हेडमास्तर अण्णांचाच जुना विद्यार्थी, जेमतेम तिशीचा. त्याने साधा शिक्षक हवा, कुणी सुचवा, असा अण्णांना निरोप धाडला. गुरुजी स्वतःच येतील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. अण्णा रोज पुलावरून चालत जायचे. शाळेत खुर्ची एकच होती. गुरुजी उभे असताना हेडमास्तर बसेना, आणि ती हेडमास्तरांची म्हणून अण्णा बसेनात. दोघंही दिवसभर उभ्यानेच शिकवायचे. शेवटी मुलांनी त्या खुर्चीवर पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवून दिला.